‘खलाशी’ : एका शब्दाचा बंदरावरून रुळांपर्यंतचा प्रवास

मनमाड हे गाव समुद्रापासून लांब आहे. मुंबईहून लोहमार्गाने सुमारे २६० किलोमीटर अंतर कापून, मध्ये थळ घाटाची चढण चढून, येथे यावे लागते. गावाशेजारून वाहणारी पांझण वर्षातील बराच काळ कोरडी असते आणि वागदर्डीच्या धरणातील पाणी गावाला पुरत नाही, ही तक्रार पिढ्यानुपिढ्यांची आहे. अशा या गावात, जेथे होडी तरंगण्याइतके पाणी नाही, तेथे गेली शंभर वर्षे घरोघर खलाशी होते. ‘आमचे वडील खलाशी’, ‘तो पुलाच्या कामावर खलाशी म्हणून लागला’, ‘खलाशाचा मिस्तरी झाला’ ही वाक्ये येथील बोलण्यात इतकी रुळलेली आहेत की त्यांत काही विलक्षण आहे असे मनमाडच्या माणसास वाटत नाही.

परगावच्या माणसास मात्र ते वाटते. प्रस्तुत लेखक मनमाडचाच. शाळेत ‘माझे घर’ या विषयावरील निबंधात वडिलांचा व्यवसाय ‘खलाशी’ असा लिहिला असता बाहेरगावाहून नव्याने आलेल्या गुरुजींनी त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात लिहिले, ‘येथे समुद्र कोठे आहे ?’ वर्गातील निम्म्या मुलांच्या वह्यांत तीच रेघ होती. गुरुजींचे चुकले असे म्हणता येणार नाही. ललित मराठीत खलाशी म्हणजे गलबतावरचा माणूस. रेल्वेच्या खलाशाला आपल्या पुस्तकी मराठीने जवळजवळ ओळख दिलेली नाही. प्रश्न असा की या दोन अर्थांपैकी अस्सल कोणता आणि उसना कोणता. पुढील विवेचनावरून दिसेल की हा प्रश्नच थोडा चुकीच्या रीतीने मांडला जातो.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. शब्द अरबी आहे. ‘ख-ल-स’ या त्रिवर्णी धातूचा (त्यातील तिसरा वर्ण अरबी ‘साद’) मूळ अर्थ शुद्ध असणे, निर्भेळ असणे, सुटणे, मोकळे होणे असा आहे. फारशीच्या द्वारे या धातूची एवढी अपत्ये मराठीत आली आहेत की एका घरातील माणसे एकमेकांस ओळखू नयेत असा प्रकार झाला आहे. ‘खलास’ म्हणजे सुटका, मोकळीक. त्यावरून संपणे, आणि पुढे मरणेसुद्धा. ‘खुलासा’ म्हणजे मुळात अर्क किंवा सार. मराठीत त्याचा अर्थ स्पष्टीकरण असा झाला. ‘खालसा’ म्हणजे निर्भेळ सरकारची जमीन, जीत इतर कोणाचा वाटा नाही ती ; त्यावरून ‘खालसा करणे’ हे क्रियापद, जे १८४८ साली सातारचे राज्य गेल्यापासून मराठी माणसाच्या कानात कडू होऊन राहिले. शिखांचा ‘खालसा’ तोच. पेशवेकालीन कागदांत अर्जावर किंवा यादीवर कारभाऱ्याने द्यावयाच्या निर्णायक शेऱ्याला ‘मखलाशी’ म्हणत. आज मखलाशी म्हणजे चतुर शब्दांनी केलेली सारवासारव, म्हणजे कारभारी गेले आणि त्यांची चतुराई तेवढी उरली. गझलकाराचा ‘तखल्लुस’ याच कुळातला. आणि ‘खलास’ याला संबंधदर्शक ‘ई’ लागून झालेला ‘खलासी’, मराठीत ‘खलाशी’, हाही त्याच घरचा.

‘स’चा ‘श’ कसा झाला याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. इ, ई, ए आणि य यांच्यापूर्वी दंत्य ‘स’ तालव्य होणे हा मराठीचा जुना स्वभाव आहे. त्यामुळेच पैसा-पैशाचा, मासा-माशाचा अशी रूपे होतात. आणि परकीय शब्दांनाही ही शिस्त लागते. हौस-हौशी, बनारस-बनारशी, मद्रास-मद्राशी ही उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. माधवराव पटवर्धनांच्या १९२५ च्या कोशाचे नावच ‘फार्शी-मराठी कोश’ असे आहे, ‘फारसी’ असे नाही. हिंदी व गुजराती यांनी ‘खलासी’ हे रूप राखले, मराठीने ‘खलाशी’ केले.

अर्थाचा मार्ग मात्र इतका सरळ नाही. ‘सुटकेशी संबंध असलेला’ तो नावाडी कसा झाला ? एक समज असा आहे की खलाशी म्हणजे दास्यातून मोकळा केलेला मनुष्य, आणि असे मुक्त दास जहाजांवर चाकरी करीत म्हणून नावाड्यास हे नाव पडले. ही उपपत्ती ऐकावयास गोड आहे. पण मुक्त केलेल्या दासासाठी अरबीत ‘अतीक’, ‘मौला’ असे निराळे व रूढ शब्द असता खलास शब्दावरून नवा शब्द घडविण्याचे प्रयोजन दिसत नाही. या समजाला बळ देणारे आणखी एक साम्य आहे व ते फसवे आहे. अरबीत ‘खिलासी’ असा एक शब्द मिश्र वंशाच्या, म्हणजे गोऱ्या व काळ्या मातापित्यांच्या, अपत्यासाठी आहे. परंतु त्यातील ‘स’ हा ‘सीन’ आहे, ‘साद’ नव्हे. म्हणजे धातूच वेगळा. देवनागरीत दोन्ही ‘स’ एकाच अक्षराने लिहिले जातात, त्यामुळे असले भ्रम सहज होतात.

मला अधिक पटते ती बंगालीची साक्ष. बंगालीत ‘माल खालास करा’ म्हणजे जहाजावरील माल उतरवून, बंदरातून सोडवून आणणे. हा प्रयोग आजही तेथील व्यापाराच्या भाषेत नित्याचा आहे. या अर्थाने खलाशी म्हणजे ‘खलास’ करणारा, जहाज मोकळे करणारा, ओझे उचलून-उतरवून देणारा. यात समुद्राचा संबंध येतो तो जहाज समुद्रात असते म्हणून. शब्दाचे मर्म पाण्यात नसून ओझ्यात आहे. हे गृहीत धरले की पुढील सर्व अर्थ एका सुतात ओवले जातात, आणि न धरल्यास प्रत्येक अर्थासाठी निराळी गोष्ट रचावी लागते.

हे पडताळून पाहण्यास उत्तम साधन आहे ते, चमत्कारिक वाटेल, पण इंग्रजीत. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांनी दोनअडीचशे वर्षांत एक स्वतःची बोली बनविली होती. विलायतेच्या इंग्रजास ती नीट कळत नसे. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ती संगृहीत केली व १९०३ मध्ये क्रुक यांनी त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली. या बोलीत आपला खलाशी ‘क्लासी’ व ‘क्लॅशी’ अशा दोन रूपांनी नांदतो. महाप्राण ‘ख’ इंग्रजी जिभेस नाही, म्हणून ‘क’. पहिला स्वर आघातहीन, म्हणून गळाला. पुढे इंग्रजीत ‘झोकदार’ या अर्थी जो ‘क्लासी’ शब्द निघाला त्याच्याशी याचा काही संबंध नाही, हे सांगण्याची गरज पडू नये, पण विद्यार्थी विचारतात.

‘क्लॅशी’ या रूपातील ‘श’ पाहून त्यावर मराठीचा हक्क सांगण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. बंगालीतही ‘स’चा उच्चार ‘श’ होतो, आणि या बोलीची घडण कलकत्त्यात मुंबईपेक्षा कमी झालेली नाही.

या कोशात क्लासी शब्दाचे जे अर्थ दिले आहेत ते असे : तंबू उभारणारा, मोजणीदाराच्या हाताखाली साखळी व काठी धरणारा, देशी नावाडी, आणि तोफखान्यातील मदतनीस. नावाडी हा या चौघांतील केवळ एक आहे, आणि तोही पहिला नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीची उदाहरणेही हेच सांगतात. टिपू सुलतानाच्या पत्रांचे कर्कपॅट्रिकने केलेले भाषांतर १८११ साली प्रसिद्ध झाले. त्यातील १७८५ च्या एका पत्रात शंभर खलाशी पाठविल्याचा उल्लेख येतो. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०१ साली लिहितात तेव्हा त्यांचे ‘क्लॅशी’ कूच करणाऱ्या तुकडीच्या सशस्त्र अनुचरांत मोडतात. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी खलाशी हा जमिनीवर पुरेपूर स्थिरावलेला होता.

तंबू, तोफ, मोजणीची साखळी आणि जहाज या चारांत समान काय आहे ? दोर. दोर, खांब, कप्पी आणि अनेकांनी एका तालात लावलेले बळ. तंबूचा खांब उभा करणे व डोलकाठी उभी करणे ही एकाच कसबाची दोन रूपे आहेत. चिखलात रुतलेली तोफ काढणे आणि गलबत ओढून किनाऱ्यावर घेणे यांतही फारसा भेद नाही. १८०२ साली लॅम्बटनने दक्षिणेत त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. अवजड थिओडोलाइट यंत्रे डोंगरमाथ्यांवर चढवावयाची तर हीच माणसे हवीत. भारतीय सर्वेक्षण विभागात खलाशी हे पदनाम पुढे दीर्घकाळ राहिले.

शेजारच्या एका शब्दाने या अनुमानास पुष्टी मिळते. फारशी ‘लश्कर’ म्हणजे सैन्य. पोर्तुगीजांच्या तोंडून तो इंग्रजीत ‘लॅस्कर’ झाला व त्याचा मुख्य अर्थ ‘देशी नावाडी’ असा ठरला. पण तंबूवरचे लॅस्कर व तोफेवरचे लॅस्कर हेही त्याच काळी होते. एक शब्द सैन्यातून निघाला, दुसरा बंदरातून. आणि दोघेही त्याच तीन ठिकाणी, जहाज, तोफ व तंबू येथे, येऊन पोहोचले. हा योगायोग मानणे कठीण आहे. ते काम करणारा माणूसच एक होता. मराठीत ‘लष्कर’ सैन्यच राहिले, कोकणातील नावाड्यास कोणी लष्कर म्हटले नाही ; आणि तंबूवाल्यासाठी आपल्याकडे ‘फरास’ हा निराळा शब्द होता, ज्याची आठवण पुण्याचा फरासखाना आजही करून देतो. तेव्हा खलाशाचा तंबूकडील अर्थ मराठी दरबारातून आला नसून कंपनीच्या छावणीतून आला असावा, असे मानावयास जागा आहे.

खलाशी एकटा आला नाही, हे तितकेच महत्त्वाचे. जहाजावर सर्वांत वर सारंग, त्याखाली तांडेल, त्याखाली खलाशी अशी उतरंड असते. तांडेल हा शब्द कोकण किनाऱ्यावर नावेच्या प्रमुखास लागतो आणि तेथे तो आडनावही आहे. हाच तांडेल इंग्रजांच्या बोलीत ‘टिंडल’ होऊन जमिनीवरील खलाशांच्या टोळीचा नायक बनला. रेल्वेच्या पूलविभागात तर सारंगही होता. एखादा शब्द सुटा उचलला गेला तर त्याचे अर्थांतर लाक्षणिक म्हणता येते. येथे जहाजावरची सगळी उतरंडच्या उतरंड जमिनीवर उतरली आहे. यास अर्थांतर म्हणण्यापेक्षा स्थलांतर म्हणणे योग्य.

या स्थलांतराची एक साक्ष ललित वाङ्मयात आहे. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८९३ साली ‘द ब्रिज-बिल्डर्स’ ही कथा प्रसिद्ध केली. तीत गंगेवर पूल बांधणाऱ्या अभियंत्याचा उजवा हात आहे पेरू नावाचा वलसाडकडील खारवा. आगबोटींवर सारंगाच्या हुद्द्यापर्यंत चढून, त्या चाकरीस कंटाळून तो आत देशात आला आहे, आणि दोरखंड व अवजड वजने हाताळण्यातील त्याच्या ज्ञानामुळे पुलाच्या कामावर त्याला मोल आहे. कथा कल्पित असली तरी असा मनुष्य त्या काळच्या वाचकास अपरिचित नव्हता, एवढे तीवरून खास म्हणता येईल. अलीकडचे उदाहरण कल्पित नाही. ८ जुलै १९८८ रोजी केरळात पेरुमण येथे आयलंड एक्स्प्रेसचे डबे पुलावरून अष्टमुडी सरोवरात कोसळले. ते वर काढण्याच्या कामी मलबार किनाऱ्यावरील बेपूरकडच्या मापिळा खलाशांना बोलाविले गेले. हे लोक परंपरेने उरू नावाची लाकडी जहाजे पाण्यात लोटतात व किनाऱ्यावर ओढून घेतात. दोर, कप्पी आणि एका तालातील ओढ हीच त्यांची हत्यारे. बंदराचा खलाशी आणि रुळाचा खलाशी तेथे पुन्हा एकदा समोरासमोर आले.

आता मनमाडकडे वळू. १८७८ साली धोंड-मनमाड मार्ग सुरू झाला, १९०० च्या सुमारास निजामाच्या रेल्वेचा मीटर मापाचा फाटा औरंगाबादकडून येऊन मिळाला, आणि मनमाड हे जंक्शन बनले. दोन मापांचे रूळ एका ठिकाणी मिळत असल्याने मालाची चढउतार येथे अटळ होती. १९९० च्या दशकात तो फाटा रुंद होईपर्यंत ती चालली. परंतु मनमाडच्या खलाशाचा इतिहास मुख्यतः १९०६ पासूनचा आहे. त्या वर्षी जी. आय. पी. रेल्वेने पुलांच्या लोखंडी तुळया तयार करण्यासाठी येथे कारखाना काढला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी. आय. पी.ची मध्य रेल्वे झाली आणि कारखानाही तिच्याकडे आला. टनावारी वजनाची तुळई उचलणे, सरकविणे, रिव्हेट मारण्यासाठी धरून ठेवणे आणि पुढे जागेवर नेऊन पायांवर बसविणे हे काम ज्याचे, तो येथला खलाशी. हा पुलाचा खलाशी त्या जुन्या दोरखंडवाल्या अर्थाच्या सर्वांत जवळ राहिला.

इतर विभागांत शब्द पसरत गेला तसा पातळ होत गेला. इंजिनाच्या शेडमध्ये खलाशी, सिग्नलच्या खात्यात खलाशी, मिस्तरीच्या हाताखालचा ‘खलाशी हेल्पर’. शेवटी साहेबाच्या बंगल्यावर टपाल व दूरध्वनी पाहणारा ‘डाक खलाशी’ निघाला, ज्याचे प्रत्यक्ष काम बहुधा बंगल्याच्या स्वयंपाकघरात असे. डोलकाठीपासून भाजीच्या पिशवीपर्यंत हा शब्द कसा घसरला हे पाहिले म्हणजे पदनामांचा इतिहास हा मानमर्यादेचाही इतिहास असतो, हे ध्यानी येते. डाक खलाशांच्या नव्या नेमणुका रेल्वे मंडळाने ऑगस्ट २०२० मध्ये थांबविल्या.

मानमर्यादेचा विषय निघाला आहे तर मनमाडपुरती एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही व भांडवलशाही, हे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच परिषदेतील. रेल्वेत अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच राहतो, त्याला वरच्या जागांची दारे बंद असतात, ही तेथील मुख्य तक्रार होती. तेव्हा ‘गँगमन’, ‘पोर्टर’, ‘खलाशी’ हे शब्द कोशकारास समानार्थी भासले तरी त्यांतील अंतर मनमाडच्या चाळींत प्रत्येकास ठाऊक होते. छपराखाली काम करणारा कोण आणि उन्हात रुळावर काम करणारा कोण, हा त्यातील एक भेद. मिस्तरी होण्याची आशा कोणास आणि कोणास नाही, हा दुसरा. माझ्या आजोबांच्या पिढीतील माणसे ‘खलाशी झाला’ हे वाक्य एखाद्या पदवीसारखे उच्चारीत. ज्यांना ते केवळ हलक्या कामाचे नाव वाटते त्यांनी ते त्या पिढीच्या तोंडून ऐकलेले नाही.

सहाव्या वेतन आयोगानंतर चतुर्थ श्रेणीची फेररचना झाली आणि पदनामे बदलू लागली. २०१९ च्या रेल्वेभरतीच्या जाहिरातीत या स्तरावरची पदे ‘असिस्टंट’ या नावाने आली : असिस्टंट ब्रिज, असिस्टंट वर्कशॉप इत्यादी. बदल स्वागतार्हच आहे. ज्या नावास कोणी बंगल्यावरच्या चाकरीशी जोडील ते नाव तरुण मुलाने का वागवावे? परंतु त्यामुळे अभ्यासकापुढे एक तातडीचे काम उभे राहते. कचेरीतून शब्द गेला की तो वाडीवस्तीत एक पिढी टिकतो. मनमाडचा ‘खलाशी’ आज निवृत्त माणसांच्या तोंडी आहे. त्यांच्याबरोबर त्याचे उपार्थही, म्हणजे कोणत्या विभागाचा खलाशी कोणते काम करी, कोणत्या कामास कोणती हाक असे, जातील. ग्रंथालयात बसून ते मिळणार नाहीत, कारण ते लिहिले गेलेले नाहीत.

गेल्या काही वर्षांत असे जे काही टिपले त्यातील एका व्याकरणविषयक गोष्टीचा उल्लेख करून हे टिपण थांबवितो. नोकरीत असता मरण पावलेल्या कामगाराच्या पत्नीस अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळते. अशा स्त्रिया खलाशी म्हणून कामावर लागल्या तेव्हा भाषेपुढे प्रश्न आला. मराठीच्या रीतीप्रमाणे स्त्रीलिंगी रूप ‘खलाशीण’ व्हावे, जसे माळी-माळीण, तेली-तेलीण. हे रूप मनमाडला ऐकू येते, पण ते खलाशाच्या बायकोसाठी. जी स्वतः कामावर जाते तिच्याविषयी लोक ‘ती खलाशी आहे’ असेच म्हणतात. मी एका वृद्ध बाईंना, ज्यांनी पतीच्या मागे बावीस वर्षे नोकरी केली, मुद्दाम विचारले की तुम्ही खलाशीण होता ना ? त्या म्हणाल्या, ‘ते असताना खलाशीण होते. ते गेल्यावर खलाशी झाले.’